काकड्याची शांतता आणि आठ पायांची आयसी: भजनी मंडळासाठी घरी बांधायचा ऑप-अँप मिक्सर

हरिनाम सप्ताहात दिवसभर साउंड सिस्टीम कशी वाजते याकडे कुणाचं लक्ष नसतं. टाळ-मृदंगाच्या गजरात सगळं बुडून जातं. पहाटे काकड्याला मात्र मंडपात आठ-दहाच माणसं असतात, गाव झोपलेलं असतं, आणि अभंगाच्या दोन चरणांमध्ये जी शांतता पडते तिच्यात स्पीकरमधला ‘स्स्स्’ सरळ कानात शिरतो. आमच्या मंडळाच्या जुन्या मिक्सरमध्ये असाच ‘स्स्स्’ होता. कुणीतरी सल्ला दिला, आतली आयसी बदला, चांगली महागाची टाका. टाकली. ‘स्स्स्’ गेला नाहीच, उलट कणभर वाढला. मग मी खोकं उघडून सर्किट कागदावर उतरवलं, तेव्हा कळलं की माइकच्या वाटेवर १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर ठाण मांडून बसले होते. त्यांच्यापुढे कुठल्याही आयसीची मात्रा चालली नसती. ती का चालत नाही, याचं गणित पुढे येईल.

त्या मिक्सरऐवजी मी जो नवा बांधला तो इथे पायरीपायरीने देतो. दोन माइक, एक वीणा, आवाजाचं मिश्रण, बास-ट्रेबल, आणि पॉवर अँप्लिफायरला जाणारं आउटपुट. तीन आयसींत काम होतं. ऑप-अँप ऑडिओमध्ये ज्या चार-पाच कामांसाठी वापरतात ती सगळी यात येऊन जातात, म्हणून शिकायलाही हा प्रकल्प बरा. सोल्डरिंग येतं आणि मल्टिमीटर वापरता येतो, एवढं मी गृहीत धरतो.

ऑप-अँप म्हणजे काय, थोडक्यात

ऑप-अँपला धन आणि ऋण अशी दोन इनपुट आणि एक आउटपुट असतं. दोन इनपुटमधला फरक तो लाखभर पटीने वाढवतो. एवढी वाढ थेट कुणालाच नको असते. शे-दीडशे मायक्रोव्होल्टांचा फरक पडला तरी आउटपुट जाऊन सप्लायच्या भिंतीला धडकेल. म्हणून आउटपुटचा एक वाटा ऋण इनपुटला परत द्यायचा; यालाच फीडबॅक म्हणतात. लाखाची वाढ उधळून टाकायची आणि बदल्यात स्थिर, स्वच्छ, आपल्याला हवी तेवढीच वाढ घ्यायची. हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन इंजिनिअरला हे २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना हडसन नदीच्या फेरीबोटीत सुचलं, आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्याने आकृती काढली. त्या काळी मुद्दाम वाढ घालवणं लोकांना वेडेपणा वाटला होता.

वापरणाऱ्याने दोनच नियम लक्षात ठेवायचे. एक, इनपुट पायांतून जवळजवळ करंट जात नाही. दोन, फीडबॅक जोडलेला असेल तर ऑप-अँप दोन्ही इनपुटचा व्होल्टेज सारखा ठेवण्यासाठी आउटपुट हवं तसं हलवतो. या दोन नियमांतून सगळी सूत्रं निघतात. सिग्नल धन इनपुटला दिला तर वाढ होते १ अधिक (फीडबॅकचा रेझिस्टर भागिले जमिनीकडे, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टकडे, जाणारा रेझिस्टर). सिग्नल रेझिस्टरमार्फत ऋण इनपुटला दिला तर वाढ होते फीडबॅकचा रेझिस्टर भागिले इनपुटचा रेझिस्टर, आणि सिग्नल उलटतो. पुस्तकातली बाकीची पानं या दोन ओळींचा विस्तार आहेत.

आयसी कोणती?

दुकानात पहिली पुढे येते ती ७४१. फेअरचाइल्ड कंपनीने १९६८ मध्ये काढलेली ही आयसी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनीच जाळलेली आहे. ऑडिओला ती नको. कारण साधं: तिचं आउटपुट एका मायक्रोसेकंदात अर्धाच व्होल्ट हलू शकतं. २० किलोहर्ट्झच्या सुराचं शिखर १० व्होल्ट हवं असेल तर दर मायक्रोसेकंदाला सव्वा व्होल्ट लागतो (२ गुणिले π गुणिले वारंवारता गुणिले शिखर). ७४१ तिथे ४ व्होल्टांवरच थकते आणि गोल लाटेचा त्रिकोण करते. शिवाय तिची वाढ-गुणिले-बँडविड्थ मर्यादा १ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ४८ पट वाढ मागितली की २१ किलोहर्ट्झला संपली.

३५८ स्वस्त आणि एका बॅटरीवर चालणारी, पण तिचं आउटपुट शून्य ओलांडताना अडखळतं. मंद आवाजात ते कानाला कचकचतं. सेन्सरसाठी ठेवा, गाण्यासाठी नको. ४५५८ देशी मिक्सरमध्ये सर्रास सापडते. ती वाईट नाही, जुनी आहे.

आपल्याला दोन लागतील. माइकसाठी एनई ५५३२, वीणेसाठी टीएल ०७२. ५५३२ ही सिग्नेटिक्स कंपनीची, १९७० च्या दशकाच्या अखेरची. स्टुडिओच्या कन्सोलमध्ये ती अक्षरशः पसाभर असायची. नॉइज, म्हणजे आयसीचा स्वतःचा ‘स्स्स्’, ५ नॅनोव्होल्ट (प्रति वर्गमूळ हर्ट्झ, हे दर वेळी लिहीत नाही), वेग मायक्रोसेकंदाला ९ व्होल्ट, वाढ-बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ, ६०० ओहमचा भार सहज ओढते. टीएल ०७२ चा नॉइज १८ नॅनोव्होल्ट, म्हणजे त्या बाबतीत मागे, पण तिचं इनपुट जेफेट जातीच्या ट्रान्झिस्टरचं असल्याने ती करंट घेतच नाही म्हटलं तरी चालेल. वीणेला नेमकं तेच हवं आहे.

दोन्हींचे पाय सारखे: १ आउटपुट, २ ऋण, ३ धन, ४ ऋण सप्लाय, ५ धन, ६ ऋण, ७ आउटपुट, ८ धन सप्लाय. एका आयसीत दोन ऑप-अँप.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दोन्हीकडे हे सामान मिळतं. पण ५५३२ असं छापून आत भलतंच भरलेल्या आयसी फिरतात. त्या ओळखायची युक्ती शेवटाकडे देतो.

पायरी पहिली: सप्लाय

बहुतेक जण इथे घाई करतात, आणि बहुतेक तक्रारी इथेच जन्मतात.

आपल्याला धन १२ आणि ऋण १२ व्होल्ट हवेत, म्हणून रेग्युलेटर ७८१२ आणि ७९१२. पुस्तक सांगेल की १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर पुरे. १२ गुणिले १.४१४ म्हणजे १७, त्यातून डायोडचे ०.७ गेले तरी १६.३ उरतात, रेग्युलेटरला १४ लागतात. हिशेब बरोबर आहे, पण २३० व्होल्टांसाठी. सप्ताहाच्या रात्री मंडपाच्या लाइनवर अख्ख्या गावाची रोषणाई असते आणि व्होल्टेज १९० ला येतो. तेव्हा हाती उरतात १३.३, रेग्युलेटर हात वर करतो आणि स्पीकरमधून भुणभुण सुरू होते. म्हणून १५-०-१५, ५०० मिलिअँपिअरचा घ्या. १९० व्होल्टांवरही तो १६.८ देतो आणि २५० वर २२ च्या थोडा वर जातो. दोन्ही टोकं सुरक्षित.

चार १एन४००७ चा ब्रिज, मधली तार जमीन. दोन्ही बाजूंना २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. रेग्युलेटरच्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरड (डिस्कवर १०४ छापलेलं असतं), आउटपुटला १० मायक्रोफॅरड. ट्रान्सफॉर्मरच्या २३० च्या बाजूला २५० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. तीन आयसी मिळून २० मिलिअँपिअर ओढतात, त्यामुळे रेग्युलेटरला हीटसिंक लागत नाही.

आता मी स्वतः केलेली चूक. ७८१२ चे पाय छापील बाजूने डावीकडून इनपुट, जमीन, आउटपुट असे असतात. ७९१२ चे जमीन, इनपुट, आउटपुट. भावंडं दिसतात पण पायांचा क्रम वेगळा. आणि ७९१२ ची धातूची पाठ जमिनीला नाही, इनपुटला जोडलेली असते. ती डब्याला स्क्रूने आवळली की ऋण बाजू थेट शॉर्ट. माझी पहिली ७९१२ अशीच गेली, वासासकट.

सप्लाय बांधून झाला की आयसी न लावता मोजा. धन १२, ऋण १२, अर्धा व्होल्ट इकडे-तिकडे चालेल. तोवर पुढे जाऊ नका.

पायरी दुसरी: माइक

गायनासाठी जो डायनॅमिक माइक सर्रास वापरतात, शुअर एसएम ५८ सारखा, तो ९४ डीबीच्या (डेसिबलच्या) आवाजाला १.८५ मिलिव्होल्ट देतो. बुवा माइकला ओठ टेकवून गातात तेव्हा तिथे ११० डीबी सहज होतात, म्हणजे १२ मिलिव्होल्टांच्या आसपास. टिपेला गेले, १२० डीबी झाले, तर ३७. हे आपल्याला अर्धा-पाऊण व्होल्टपर्यंत न्यायचं आहे, म्हणजे चाळीसेक पट वाढ.

माइकची तार मंडपात पंधरा-वीस मीटर जाते आणि वाटेत रोषणाईच्या वायरींना बिलगते. म्हणून बॅलन्स्ड जोडणी हवीच. माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर प्लगमध्ये १ म्हणजे जाळी (शील्ड), २ सुलट सिग्नल, ३ उलट सिग्नल. बाहेरची भुणभुण २ आणि ३ वर सारखीच चढते. ऑप-अँप फक्त फरक वाढवतो, म्हणून ती वजा होते.

जोडणी अशी. २ नंबरपासून १ किलोओहम, तो आयसीच्या धन इनपुटला. तिथून ४७ किलोओहम जमिनीला. ३ नंबरपासून १ किलोओहम ऋण इनपुटला, आणि आउटपुटपासून ऋण इनपुटला ४७ किलोओहम. दोन्ही ४७ किलोओहमवर समांतर १०० पिकोफॅरड, म्हणजे ३४ किलोहर्ट्झच्या वर वाढ उतरत जाते आणि मोबाइलची टक-टक-टर्रर्र कमी शिरते. एक्सएलआरच्या २ आणि ३ पासून जाळीला आणखी १०० पिकोफॅरड द्या. कागदावर वाढ ४७ पट; माइकचे स्वतःचे ३०० ओहम धरले की ४१. आपल्याला तेवढीच हवी होती. एका ५५३२ मध्ये असे दोन माइक बसतात: पहिला पाय १, २, ३ वर, दुसरा ५, ६, ७ वर.

भुणभुण किती वजा होईल हे त्या चार रेझिस्टरांच्या जुळणीवर ठरतं. ५ टक्केवाले घेतले तर वाईट नशिबात ४८ डीबी, १ टक्कावाले घेतले तर ६२. मी १ टक्का मेटल फिल्मचे वीस-वीस घेतले आणि मल्टिमीटरने जोड्या लावल्या, पत्रिका जुळवतात तशा. संध्याकाळभराचं काम, पण कुठल्याही महाग आयसीपेक्षा याचा उपयोग मोठा.

आता सुरुवातीचं गणित. प्रत्येक रेझिस्टर नुसता असण्यानेच आवाज करतो. १ किलोओहमचा ४ नॅनोव्होल्ट, १०० किलोओहमचा ४०. आपल्या सर्किटमध्ये दोन १ किलोओहम मिळून ५.८, आयसीचे ५, माइकचे २. हे सरळ बेरजेने नाही, वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने मिळवायचे: सुमारे ८ नॅनोव्होल्ट. ऐकू येणाऱ्या २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ते होतात १.१ मायक्रोव्होल्ट. बुवांच्या १२ मिलिव्होल्टांसमोर ८० डीबी खाली. काकड्यालासुद्धा ऐकू येत नाही.

जुन्या मिक्सरमध्ये १०० किलोओहमचे दोन होते. त्यांचाच आवाज ५८ नॅनोव्होल्ट. वर आणखी एक गोष्ट, जी आयसी बदलायला सांगणारे विसरतात. ५५३२ सारख्या बायपोलर आयसीच्या इनपुटमधून करंटचाही नॉइज येतो, ०.७ पिकोअँपिअर. १ किलोओहमवर तो नगण्य. १०० किलोओहमवर प्रत्येकी ७० नॅनोव्होल्ट. सगळं मिळून ११५ च्या घरात, म्हणजे बुवांच्या आवाजाच्या फक्त ५७ डीबी खाली. आणि कमी व्होल्टेज-नॉइजच्या महाग बायपोलर आयसींचा करंट-नॉइज बहुधा ५५३२ पेक्षा जास्त असतो! म्हणून आमची ‘चांगली’ आयसी टाकल्यावर खरखर वाढली होती. उलट वरच्या १ किलोओहमच्या सर्किटमध्ये १.१ नॅनोव्होल्टची उंची आयसी बसवली तरी फायदा जेमतेम दीड डीबीचा. मी ५५३२ च ठेवली.

माइकच्या आउटपुटपासून ०.४७ मायक्रोफॅरड आणि मग १० किलोओहमचा व्होल्यूम पॉट. पॉटवर ‘ए’ छापलेला हवा. ‘ए’ म्हणजे लॉग, ‘बी’ म्हणजे लिनिअर. लिनिअर लावला तर पहिल्या पाव फेऱ्यातच सगळा आवाज येतो. हा कपॅसिटर दोन कामं करतो. आयसीच्या आउटपुटवरचा किरकोळ डीसी अडवतो, नाहीतर पॉट फिरवताना चर्रर्र होतं; आणि ३४ हर्ट्झच्या खालचं, म्हणजे लाकडी स्टेजवरच्या पावलांची धपधप, कापतो. स्टेज फारच पोकळ असेल तर ०.२२ लावा.

पायरी तिसरी: वीणा

वीणेकरी दिवसरात्र आळीपाळीने उभे असतात आणि त्यांची वीणा त्यांच्याशिवाय कुणाला ऐकू येत नाही. ‘माउली, एवढ्या तारा छेडतो, पण ऐकतो फक्त पांडुरंग,’ असं एक आजोबा हसत म्हणाले होते. तिला माइक लावला तर त्यात टाळच जास्त शिरतात. म्हणून पिझो, म्हणजे वाद्याची कंपनं थेट पकडून त्यांचा सिग्नल करणारी चकती.

बझरमध्ये असते ती २७ मिलिमीटरची पितळी चकती घ्या. ती घोडीजवळ भोपळ्यावर दुतर्फा चिकटपट्टीने लावायची, गोंदाने नाही. वाद्य मंडळाचं आहे.

पिझो म्हणजे विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर, साधारण २० नॅनोफॅरडचा. तो १० किलोओहमच्या माइक इनपुटमध्ये खुपसला की दोघांचा मिळून फिल्टर होतो आणि ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरतं. मग लोक म्हणतात, पिझोचा आवाज पत्र्यासारखा. पत्रा पिझोचा नसतो, इनपुटचा असतो. इनपुट १ मेगाओहमचं केलं की तीच सीमा ८ हर्ट्झवर जाते आणि वीणेचा गाभा परत येतो.

इथे ५५३२ का नाही? तिच्या इनपुटला २०० नॅनोअँपिअरचा करंट लागतो. १ मेगाओहमवर त्याचे ०.२ व्होल्ट डीसी होतात, शिवाय वर पाहिलेला करंट-नॉइज. टीएल ०७२ ला लागतात काही दहा पिकोअँपिअर. प्रश्नच मिटला.

जोडणी: पिझोची गरम तार १० किलोओहममार्फत धन इनपुटला. तिथून १ मेगाओहम जमिनीला. आउटपुटपासून ऋण इनपुटला २२ किलोओहम, ऋण इनपुटपासून जमिनीला १० किलोओहम. वाढ ३.२ पट, पिझोला पुरे. पुढे १ मायक्रोफॅरड आणि पुन्हा १० किलोओहम ‘ए’ पॉट.

एक संरक्षण हवं. पिझोवर टिचकी मारली की दहा-वीस व्होल्टांचा फटका येऊ शकतो. आणि टीएल ०७२ ला एक वाईट खोड आहे: इनपुट ऋण सप्लायच्या दोन-तीन व्होल्ट जवळ गेलं की आउटपुट उलटं फिरून धन टोकाला उडी मारतं. स्पीकरमध्ये ते कानठळ्या बसवतं. म्हणून १० किलोओहमच्या पुढे, धन इनपुट आणि जमीन यांच्यामध्ये ६.२ व्होल्टचे दोन झेनर एकमेकांकडे तोंड करून ओळीत लावा. सिग्नल पावणेसात व्होल्टांवर थांबतो, खोडीच्या प्रदेशात शिरतच नाही.

पिझोची वायर शील्डेडच हवी. लांबीची मात्र फार धास्ती नको. वायरचा कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास. पाच मीटरला ५०० झाला तरी पिझोच्या २० नॅनोपुढे तो अडीच टक्के आवाज खातो, बाकी काही नाही.

०७२ मधला दुसरा ऑप-अँप रिकामा उरतो. तो लोंबकळत ठेवू नका, उगीच ऑसिलेट होतो. पाय ६ आणि ७ एकत्र जोडा, ५ जमिनीला. झोपवून ठेवायचा.

पायरी चौथी: मिश्रण आणि बास-ट्रेबल

दुसऱ्या ५५३२ चा पहिला अर्धा मिसळण्यासाठी. तिन्ही पॉटच्या मधल्या पायांपासून प्रत्येकी २२ किलोओहम, ते सगळे ऋण इनपुटवर एकत्र. धन इनपुट जमिनीला. फीडबॅक २२ किलोओहम, समांतर ४७ पिकोफॅरड. वरचा दुसरा नियम आठवा: धन इनपुट जमिनीवर आहे, तर ऋण इनपुटही शून्यावर राहणार. तो सांधा जमिनीला जोडलेला नसूनही जमिनीसारखा वागतो, त्यामुळे एका चॅनेलला दुसऱ्याचा पत्ता लागत नाही. एकाचा आवाज कमी केला तर दुसऱ्याचा हलत नाही. नुसते रेझिस्टर जोडून मिसळलं तर हे साधत नाही.

तीन इनपुट असल्याने या टप्प्याचा स्वतःचा नॉइज चौपट दिसतो, पण इथवर सिग्नल अर्ध्या व्होल्टावर आलेला असतो, म्हणून फिकीर नाही. वाढ पहिल्याच टप्प्यात घ्यावी ती याचसाठी.

दुसऱ्या अर्ध्यावर बॅक्सँडल टोन कंट्रोल. पीटर बॅक्सँडल यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रचना आजही घराघरातल्या अँप्लिफायरमध्ये आहे. ‘आत’ म्हणजे मिक्सरचं आउटपुट (पाय १), ‘बाहेर’ म्हणजे या टप्प्याचं आउटपुट (पाय ७). धन इनपुट, म्हणजे पाय ५, जमिनीला.

बास: ‘आत’पासून २२ किलोओहम, मग १०० किलोओहम ‘बी’ पॉटचं एक टोक, दुसऱ्या टोकापासून २२ किलोओहम ‘बाहेर’ला. पॉटच्या मधल्या पायापासून प्रत्येक टोकाला ३३ नॅनोफॅरड. मधल्या पायापासून २२ किलोओहम पाय ६ ला. कमाल उठाव (१०० + २२) भागिले २२, म्हणजे साडेपाच पट, १५ डीबी.

ट्रेबल: ‘आत’पासून २२ किलोओहम, मग ४७० किंवा ५०० किलोओहम ‘बी’ पॉट, मग २२ किलोओहम ‘बाहेर’ला. मधल्या पायापासून १ नॅनोफॅरड पाय ६ ला. १.८ किलोहर्ट्झपासून चढायला लागून ७ किलोहर्ट्झच्या वर १२ डीबीचा उठाव किंवा उतार.

बाजारातल्या बऱ्याच सर्किटांमध्ये दोन्हीकडे २० डीबी असतात. घरच्या गाण्याला ठीक, मंडपात नको. माइकसमोर स्पीकर असताना ट्रेबल २० डीबी उचललं की माइक शिट्टी मारलाच म्हणून समजा. माझं मत विचाराल तर ट्रेबलचा उपयोग मंडपात कमी करण्यासाठीच जास्त होतो.

मिक्सरने सिग्नल उलटवला होता, हा टप्पा परत सुलटवतो. आउटपुटला १० मायक्रोफॅरड, मग १०० ओहम, मग सॉकेट. कपॅसिटरनंतर जमिनीला १०० किलोओहम. ते १०० ओहम गाळू नका. वीस मीटर केबलचे २ नॅनोफॅरड थेट ऑप-अँपच्या आउटपुटवर आले तर तो बिथरतो.

पायरी पाचवी: बांधणी

प्रत्येक आयसीच्या ४ आणि ८ नंबर पायांना ०.१ मायक्रोफॅरड, अगदी लगटून, शक्यतो सॉकेटच्या पोटाखाली. शोभेचा समजून हा कपॅसिटर गाळणारे पुष्कळ भेटतात. मग आयसी मेगाहर्ट्झमध्ये ऑसिलेट होते. कानाला ते ऐकू येत नाही, पण आवाज घुसमटतो आणि आयसी तापते.

जमिनीच्या तारा माळेसारख्या एकामागून एक ओवू नका. सगळ्या एका ठिकाणी, मोठ्या फिल्टर कपॅसिटरांच्या मध्यबिंदूजवळ, चांदणीसारख्या आणून जोडा. डबा पत्र्याचा किंवा अॅल्युमिनियमचा. ट्रान्सफॉर्मर एका कोपऱ्यात, माइकचे सॉकेट विरुद्ध कोपऱ्यात. डबा मेनच्या अर्थिंगला पक्का जोडा. सर्किटची जमीन डब्याला एकाच जागी जोडा, १० ओहम आणि समांतर ०.१ मायक्रोफॅरडमार्फत.

आयसी लावण्याआधी प्रत्येक सॉकेटवर पाय ८ ला धन १२ आणि ४ ला ऋण १२ आहेत का पाहा. मग एकेक आयसी लावत जा आणि आउटपुटवरचा डीसी मोजा. मिक्सर आणि टोनवर काही मिलिव्होल्ट. माइकच्या टप्प्यावर, एक्सएलआरचे २ आणि ३ हे १ ला शॉर्ट करून, शंभर-दीडशे मिलिव्होल्टपर्यंत चालतील. कुठेही व्होल्टांत आकडा आला तर फीडबॅकचा रेझिस्टर सुटलेला आहे किंवा आयसीच्या ऋण आणि धन इनपुट पायांची अदलाबदल झाली आहे.

खोटी ५५३२ कशी ओळखायची

खरी ५५३२ नुसती सप्लायवर ८ मिलिअँपिअरच्या आसपास ओढते. तीन-चारच ओढत असेल तर संशय घ्या. पक्की परीक्षा अशी: ऋण इनपुट आउटपुटला जोडा, धन इनपुटपासून जमिनीला १ मेगाओहम लावा, आउटपुट मोजा. खऱ्या ५५३२ वर ऋण ०.२ व्होल्टच्या घरात आकडा येतो, कारण तिच्या इनपुटला एनपीएन ट्रान्झिस्टर आहेत आणि ते करंट आत ओढतात. ४५५८ वर नवं नाव छापलेलं असेल तर आकडा धन येतो, तिचे ट्रान्झिस्टर पीएनपी आहेत. शून्याच्या जवळ आला तर आत जेफेट आहे. दोन मिनिटांचं काम, आणि दुकानदाराशी वाद घालायला हाती आकडा.

भुणभुण आलीच तर

आधी तिचा सूर ओळखा. ब्रिजनंतर डीसीवर उरलेली लाट (रिपल) १०० हर्ट्झची असते, सप्लायकडे पाहा: व्होल्टेज पडलाय किंवा फिल्टर कपॅसिटर वाळलाय. ५० हर्ट्झचा खर्जातला हुंकार असेल तर तो बाहेरून येतोय: ट्रान्सफॉर्मर जवळ, शील्ड तुटलेली, किंवा मिक्सर आणि पॉवर अँप्लिफायर दोन वेगळ्या सॉकेटवर आणि त्यांच्यात जमिनीचं वेटोळं. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, अर्धी तक्रार तिथेच जाते. टर्रर्र असा करकरीत आवाज एलईडीच्या तोरणांचा किंवा पंख्याच्या रेग्युलेटरचा. माइकची वायर त्यांच्यापासून हातभर लांब न्या, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

मेनच्या प्लगची अर्थिंगची पिन मोडून भुणभुण घालवणारे ‘तज्ज्ञ’ प्रत्येक तालुक्यात आहेत. भुणभुण खरंच जाते. पण ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून पत्र्याचा माइक धरलेल्या माणसाचं संरक्षणही तिच्याबरोबर जातं. ते १० ओहम याच कामासाठी दिले आहेत. पिनला हात लावू नका.

मंडपात आधी मिक्सर चालू करा, दहा सेकंदांनी पॉवर अँप्लिफायर. बंद करताना उलटा क्रम. नाहीतर कपॅसिटर भरताना होणारा ‘धप्प’ हॉर्नच्या युनिटवर जातो, आणि पहाटे पाच वाजता अख्खं गाव त्या आवाजाने उठतं.